हवा बदलते तेव्हा कीटक काय करतात?

तुळशीचे लग्न जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पहाटेचा गारठा, अवेळी पडणारा पाऊस आणि घरात शिरणारे किडे हे विषय हमखास येतात. यंदाच्या पत्रांतील काही प्रश्न एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे एकाच अंकात देत आहे.

प्रश्न : सत्तरीत सध्या पहाटे एक चादर पुरत नाही आणि दुपारी पंख्याखाली बसूनही घाम येतो. मध्येच एखाद-दुसरा दिवस पाऊस येऊन जातो. पणजीत राहणारा माझा भाऊ मात्र थंडीचे नावही काढत नाही. एवढ्याशा गोव्यात हा फरक कशामुळे पडतो?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : पावसाळ्यात ढग दिवसा ऊन अडवतात आणि रात्री जमिनीतून वर जाणारी बरीचशी उष्णता पुन्हा खाली पाठवतात, त्यामुळे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसे अंतर पडत नाही. ऑक्टोबरच्या मध्यास नैर्ऋत्य मोसमी पाऊस गोव्यातून माघारी फिरला की आभाळ निरभ्र होते. मग दिवसा ऊन थेट जमिनीवर पडते आणि रात्री जमिनीची उष्णता अडवायला वर काही उरत नाही. पणजीत दुपारचे सरासरी तापमान जुलैमध्ये २९ अंश सेल्सियसच्या आसपास असते, तर नोव्हेंबरमध्ये ते ३३ अंशांच्या घरात जाते. म्हणजे आपण ज्याला हिवाळ्याचे तोंड म्हणतो त्या महिन्यातील दुपार भर पावसाळ्यातील दुपारीपेक्षा अधिक तापलेली असते. समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो, म्हणून किनाऱ्यालगतच्या रात्री उबदार राहतात. सत्तरी आणि सांगे हे तालुके समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असल्यामुळे तिथे पहाटेचा गारठा आधी पोहोचतो आणि जास्त जाणवतो.

मधल्या पावसाचे कारण वेगळे आहे. मोसमी वारे परतल्यानंतरही अरबी समुद्राचे पाणी उबदार असते आणि पावसाळ्यानंतरचे हे महिने तिथे चक्रीवादळांचा दुसरा हंगाम असतो. नोव्हेंबर २००९ मधील ‘फयान’ आणि ऑक्टोबर २०१९ च्या अखेरचे ‘क्यार’ ही दोन्ही वादळे गोव्याच्या जमिनीवर आली नाहीत, तरी जवळून जाताना आपला किनारा झोडपून गेली. वादळ झाले नाही तरी साधा कमी दाबाचा पट्टासुद्धा दोन दिवस आभाळ भरून टाकायला पुरतो.

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात असते. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तरी उन्हाळ्याच्या तोंडावर फुलपाखरे, मधमाश्या आणि भुंगे पुन्हा दिसू लागतात. हे जीव इतक्या थंडीत जिवंत राहतात तरी कसे? आपल्याकडच्या किड्यांनाही असे काही करावे लागते का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : हा प्रश्न सविस्तर उत्तर द्यावे असाच आहे. बहुतेक कीटकांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेबरोबर चढते आणि उतरते. पारा शून्याच्या खाली गेल्यावर त्यांना खरी भीती गारठ्याची नसते, बर्फाची असते. शरीरातील पाण्याचा बर्फ होताना त्याचे स्फटिक पेशींचे नाजूक पापुद्रे फाडतात आणि तसे झाले की तो जीव वाचत नाही. या संकटातून निभावण्याचे दोन मुख्य मार्ग कीटकांच्या जगात आढळतात आणि हे दोन्ही मार्ग कॅनडात एकाच झाडावर पाहायला मिळतात.

त्या झाडाचे नाव गोल्डनरॉड. पिवळ्या फुलांची ही रानटी वनस्पती उत्तर अमेरिकेत माळावर आणि रस्त्याकडेला सर्वत्र उगवते. तिच्या देठावर कधी गोल, तर कधी दोन्ही टोकांना निमुळती होत गेलेली लांबट गाठ दिसते. गोल गाठीत एका माशीची अळी हिवाळा काढते, तर लांबट गाठीत एका लहान पतंगाची. दोघींचे घर एकाच देठावर असले तरी थंडीला तोंड देण्याची रीत अगदी उलट आहे. माशीची अळी गोठते. मात्र बर्फ मुख्यतः पेशींच्या बाहेरील द्रवातच होईल आणि पेशींच्या आत शक्यतो शिरणार नाही, अशी व्यवस्था तिचे शरीर शरद ऋतूतच करून ठेवते. थंडी सरल्यावर ती वितळते आणि पुन्हा हालचाल करू लागते. पतंगाची अळी गोठतच नाही. पाण्याचा बर्फ होण्यासाठी सहसा धुळीचा किंवा अन्नाचा एखादा कण आधाराला लागतो; तसा आधार मिळाला नाही तर शुद्ध पाण्याचा बारीक थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रव राहू शकतो. या मार्गाने जाणारे कीटक हिवाळ्याआधी खाणे थांबवून आतडे रिकामे करतात आणि रक्तात ग्लिसरॉल साठवतात. ग्लिसरॉल हा गोडसर, दाट द्रव औषधांत आणि सौंदर्यप्रसाधनांतही वापरला जातो. त्याच्यामुळे शरीरातील द्रवाचा गोठणबिंदू बराच खाली जातो.

मधमाश्यांचा मार्ग या दोन्हींहून निराळा आहे. त्या झोपत नाहीत आणि गोठतही नाहीत. पोळ्यात एकमेकींना चिकटून त्यांचा घोळका होतो, पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवून त्या उष्णता निर्माण करतात आणि त्यासाठी लागणारे इंधन साठवलेल्या मधातून मिळवतात. आपल्याकडच्या सातेरी मधमाश्यांवर अशी वेळ येत नाही, कारण गोव्यात हिवाळ्यातही फुले असतात.

आपली मुलगी राहते तिथल्या बर्फाबद्दलही थोडे सांगायला हवे. जमिनीवर पडलेला बर्फाचा जाड थर हे तिथल्या कीटकांचे पांघरूण असते. वर हवा कितीही गार असली, तरी त्या थराखाली मातीलगत तापमान शून्याच्या जवळपास टिकते. शरद ऋतूच्या अखेरीस हवा हेलकावे खाऊ लागली की मात्र कीटकांची पंचाईत होते. बर्फ उशिरा पडला, तर उघडी जमीन खोलवर गोठते. उलट मध्येच आठवडाभर ऊब आली, तर सुप्तावस्थेत गेलेल्या जीवाच्या शरीरातील व्यवहार वेगाने चालू लागतात आणि खायला काहीच नसताना चरबीचा साठा खर्ची पडतो. असा कीटक थंडीने मरण्याऐवजी वसंताच्या तोंडावर भुकेने मरतो. माझ्या मते संथपणे वाढत जाणाऱ्या कडाक्याच्या थंडीपेक्षा हे हेलकावे कीटकांना अधिक जाचतात, कारण कडाक्याची तयारी त्यांनी लाखो वर्षांत करून ठेवली आहे.

ही तयारी ते थंडी पडायची वाट पाहत सुरू करत नाहीत. हवा आज गार असते आणि उद्या उबदार, पण दिवसाची लांबी कधी फसवत नाही. त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशातील बहुतेक कीटक दिवस आखूड होत चालल्याचे ओळखून काही आठवडे आधीच सुप्तावस्थेकडे वळतात. गोव्यात ही खूण फार अस्पष्ट आहे. आपला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान दिवस ११ तासांहून थोडा अधिक असतो. शिवाय जानेवारीतही पणजीचे किमान तापमान सरासरी २० अंशांच्या आसपास राहते, त्यामुळे गोठण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आपल्या कीटकांचा कठीण काळ हा कोरडेपणाचा काळ आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत गवत वाळते, कोवळी पालवी मोजक्याच झाडांवर उरते आणि डबकी आटतात. हा काळ कोणी अंड्याच्या रूपात काढतो, कोणी मातीत कोश करून, तर कोणी प्रौढ अवस्थेतच प्रजनन लांबणीवर टाकून. काही जण तर निघूनच जातात. शेतांवर घिरट्या घालणाऱ्या पिवळसर चतुरांचे थवे पाऊस सरल्यावर दक्षिणेकडे सरकतात. ऑक्टोबरपासून ते मालदीव बेटांवर मोठ्या संख्येने उतरतात आणि तिथून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे तिथे अनेक वर्षे नोंदी ठेवणारे संशोधक चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले.

आपल्या देशाच्या उत्तर सीमेपलीकडे मात्र खऱ्या बर्फातील कीटक आहेत. नेपाळमधील ‘याला’ नावाच्या हिमनदीवर राहणारी एक छोटी माशी उणे १६ अंशांतही चालताना आढळल्याचे जपानी शास्त्रज्ञ कोशिमा यांनी १९८४ मध्ये जगापुढे आणले. तिचे पंख आखडलेले असल्यामुळे तिला उडता येत नाही, तरी तिचे सारे आयुष्य त्या बर्फातच जाते.

प्रश्न : संध्याकाळी दिवे लागले की एक तपकिरी फुलपाखरू घरात येऊन भिंतीवर बसते. श्रावणात आलेल्या अशाच फुलपाखरावर गोल डोळे होते, आताच्या पाखरावर ते नाहीत. या दोन जाती आहेत का?
– एक शिक्षिका, फोंडा

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, मात्र जात एकच आहे. हे ‘कॉमन इव्हनिंग ब्राऊन’ नावाचे फुलपाखरू असून त्याची अळी गवतावर आणि भातावर वाढते. पुढच्या वेळी ते बसले की जवळ जाऊन पंखांची खालची बाजू पाहावी. पावसाळी पिढीत पंखांच्या कडेने कड्या असलेले ठळक डोळे असतात. आता जन्मलेल्या पिढीत ते पुसट ठिपक्यांएवढेच उरतात, पुढच्या पंखाचे टोक बाकदार होते आणि सगळा पंख वाळलेल्या पानाच्या रंगाचा दिसतो. अळी वाढत असताना हवा उबदार होती की गार, त्यावर पुढच्या फुलपाखराचे रूप बरेचसे ठरते. पावसाळ्यात भोवती सगळे हिरवे असते आणि तपकिरी रंग लपत नाही. तेव्हा पक्ष्याची चोच डोळ्याच्या खुणेवर पडली, तर पंखाची कड फाटते, पण जीव वाचतो. कोरड्या दिवसांत पाचोळ्यात निश्चल बसून राहणे अधिक सुरक्षित असते आणि तिथे ठळक डोळे उलट घात करतात. अळ्यांसाठी हिरवे गवत नसल्यामुळे या ऋतूतील फुलपाखरे अंडी घालण्याची घाईही करत नाहीत. अवेळी पडलेल्या पावसाने गवत थोडे हिरवे झाले आणि लगेच वाळले, तर त्यावर घातलेली अंडी वाया जातात. भिंतीवरच्या या पाहुण्याला झाडूने हाकलू नये; दिवा मालवून खिडकी उघडी ठेवल्यास ते आपणहून निघून जाते.

प्रश्न : दिवाळीच्या सुमारास दिव्याभोवती हिरव्या बारीक किड्यांचा खच पडतो आणि पुढे काही दिवसांनी ते नाहीसे होतात. ते पणतीत जळून संपतात, असे आमची आजी सांगायची.
– एक वाचक, तिसवाडी

उत्तर : हे भातावरील हिरवे तुडतुडे. सरद, म्हणजे पावसाळी भात पिकून पिवळे पडले की त्यांना कोवळा रस मिळेनासा होतो, ते मोठ्या संख्येने शेत सोडतात आणि उजेडाकडे ओढले जातात. पणतीत काही जळतात हे खरे, पण उरलेले बांधावरच्या गवतावर तग धरतात आणि वायंगण, म्हणजे हिवाळी भाताचा तरवा (लावणीची रोपे) हिरवा झाला की तिकडे वळतात. म्हणून वायंगण शेती करणाऱ्यांनी तरव्याच्या आसपासचे गवत आत्ताच काढून घ्यावे.

प्रश्न : पाऊस पडून गेल्यावर आमच्या काजूला पुन्हा पालवी फुटली आणि तिचे शेंडे करपू लागले. ढगाळ हवेमुळे हे होते का? आत्ताच औषध मारावे का?
– एक बागायतदार, केपे

उत्तर : ढगाळ हवा निमित्त झाली, शेंडे करपवणारा बहुधा ढेकण्या, म्हणजेच टी मॉस्किटो बग असावा. करपलेल्या शेंड्याखालचा कोवळा भाग सकाळी उन्हे चढण्यापूर्वी हातात घेऊन पाहावा. सडपातळ, तांबूस-काळा ढेकूण दिसला आणि त्याच्या पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असला, तर शंका उरत नाही. मादी अंडे कोवळ्या देठात खुपसते, त्यामुळे अंडे दिसत नाही. मात्र त्याचे दोन केसासारखे पांढरे तंतू बाहेर डोकावतात आणि भिंगातून ते सहज ओळखता येतात. हा कीटक थंडीत सुप्त होत नाही. काजूला पालवी नसते तेव्हा तो पेरू आणि कोको यांसारख्या झाडांवर दिवस काढतो आणि पालवी येताच परततो. अवेळी पाऊस झाला की पालवी टप्प्याटप्प्याने फुटत राहते आणि त्याला खाद्याची तूट पडत नाही, हे यंदाचे खरे दुखणे आहे.

फवारणीचा निर्णय कॅलेंडर पाहून घेऊ नये. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन अवस्थांत झाड पाहून, कीड प्रत्यक्ष आढळली तरच, विभागीय कृषी कार्यालयाच्या किंवा जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या सल्ल्याने औषध निवडावे. मोहोरावर मधमाश्या येत असताना सकाळी फवारणी करू नये. आणि झाडावर हुमल्यांची, म्हणजे तांबड्या मुंग्यांची घरटी असतील तर ती राहू द्यावीत. काजू काढताना ते चावतात म्हणून लोक ती जाळतात, परंतु हेच हुमले ढेकण्याची पिल्ले फस्त करतात.

प्रश्न : थंडी सुरू झाली की डास कमी होतात, मग पाण्याची भांडी पुढच्या पावसापर्यंत तशीच ठेवली तर चालतील का? आणि अंगणातला पातेरा जाळला तर किडे संपतात का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : भांडी तशीच ठेवू नयेत. डेंग्यू पसरवणारा एडिस डास आपली अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पहिल्या पावसाचे पाणी लागताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. भांडे नुसते उपडे केल्याने ही अंडी जात नाहीत, ती काथ्याने घासून काढावी लागतात.

पातेऱ्याच्या बाबतीत उलट आहे. त्यात डास वाढत नाहीत. फुलपाखरांचे कोश, जमिनीवरचे भुंगे, कोळी आणि गांडुळे मात्र त्याच्या आधाराने कोरडे महिने काढतात. तो जाळण्याऐवजी माडाच्या आणि कलमांच्या आळ्यात पसरावा, फक्त घराच्या भिंतीलगत आणि लाकडी खांबांजवळ ठेवू नये, म्हणजे वाळवी घरात शिरणार नाही.