नवरा तब्येतीकडे लक्ष देत नाही, काही बोललं की चिडतो. त्याला चांगल्या सवयी कशा लावाव्यात?

ताई, तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचं वय ४३, तपासणीत साखर काठावर निघाली, तंबाखू सुटत नाही, चालायला जा म्हटलं की भांडण होतं आणि आता ते तुमच्यापासून लपवून खायला लागलेत. या शेवटच्या वाक्याशी मी थांबले. आमच्या घरात हेच झालं होतं, आणि ते माझ्या वागण्यामुळे झालं होतं. म्हणून लिहिते आहे.

आम्ही सांगलीचे. आमचे हे मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. सकाळी नऊला गादीवर बसायचं, सौदे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, गाड्यांचा हिशेब, आणि उठायचं ते रात्री आठला. शेतकरी आला की चहा, खरेदीदार आला की चहा, हमाल मंडळींबरोबर चहा. सात कप सहज व्हायचे. कपाला दोन चमचे धरले तरी साठेक ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जायची. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. शिवाय खिशात तंबाखूची चंची. मळायची, बार भरायचा आणि कामाला लागायचं.

तीन वर्षांपूर्वी त्यांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, एचबीए१सी, ६.२ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे काठ, ६.५ पासून पुढे मधुमेह. मी घाबरले आणि घाबरून जे जे करू नये ते सगळं केलं. साखरेचा डबा वर ठेवला, खिसे तपासले, दीर-जावेसमोर विषय काढला. एकदा तर मी मुलांसमोर म्हणाले, "अण्णांसारखा पाय कापायची वेळ आणणार आहात का?" अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांचा पाय खरंच साखरेनं गेला. त्यानंतर हे चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं चंची स्कूटरच्या डिकीत गेली, भडंग आणि जिलेबी यार्डात गेली, आणि सहा महिन्यांनी केलेला रिपोर्ट मला दुकानाच्या ड्रॉवरमध्ये सापडला. मला सगळ्यात लागलं ते हे. घरात लपवणारा माणूस डॉक्टरांपुढेही खरं सांगत नाही.

बदल सुरू झाला तो माझ्या कंबरदुखीमुळे. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं होतं. संध्याकाळी हरिपूर रस्त्याला एकटीला नको वाटायचं, म्हणून मी यांना म्हटलं, "अहो, सोबत येता का? मला अंधाराची भीती वाटते." त्यात डाव नव्हता, खरंच वाटत होती. ते आले.

हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, तुम्हाला ऐकून माहीत असेल. यांचे आजोबा त्या पेवांवर कामाला होते. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं निकामी झाली. त्या संध्याकाळी हे पेव कसं भरतात, उघडल्यावर लगेच आत का उतरत नाहीत, हे सगळं सांगत होते. संगमेश्वराच्या देवळापर्यंत आम्ही कधी पोचलो ते कळलं नाही. देवळाच्या पायरीवर बसल्यावर ते आपणहून अण्णांवर आले. मिरजेच्या दवाखान्यात अण्णांचं ड्रेसिंग व्हायचं तेव्हा पाय धरून हेच बसायचे. "तू रिपोर्ट रिपोर्ट करतेस तेव्हा मला तो वास येतो," असं म्हणाले. वीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. मी त्यांना माहिती देत बसले होते आणि त्यांना त्या माहितीचीच धास्ती होती.

म्हणून ताई, आधी हे शोधा की तुमचे यजमान नेमकं कशाला टाळतायत. भीती असेल, दुकानाचं कर्ज असेल, रात्रीची झोप नसेल. समोरासमोर बसवून विचारलं की पुरुषमाणूस बहुधा "काही नाही" म्हणतो. शेजारी चालताना बोलतो, कारण तोंडाकडे बघावं लागत नाही.

त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "तुम्हाला कुठून सुरुवात करावीशी वाटते?" म्हणाले, "चहाचं बघतो. तंबाखूचं आत्ता काढू नको." मी कबूल केलं आणि चार महिने तंबाखूचा शब्द काढला नाही. ते चार महिने मला फार जड गेले, पण शब्द पाळला म्हणूनच पुढचं झालं असं मला आजही वाटतं. चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करत गेलो, आधी घरच्या चहात. जीभ तेवढ्या वेळात सरावते. यार्डातल्या चहावाल्याला त्यांनी स्वतःच सांगितलं.

जेवणाचं म्हणाल तर यांचं ताट वेगळं केलं नाही. घरात एकट्याला पथ्याचं ताट वाढलं की माणूस स्वतःला आजारी समजायला लागतो आणि बाहेर जाऊन भरपाई करतो. सगळ्यांसाठीच बदललं. इथं एक गैरसमज सांगते, कारण आपल्या भागात तो घरोघरी आहे. शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी चांगलीच, पण ती हवी तेवढी खाऊन चालत नाही. तिनंही साखर वाढते. आम्ही तीनच्या दोन केल्या आणि उसळ, पालेभाजी, ताक वाढवलं. साखरेऐवजी गूळ घातला की चालतं हेही खरं नाही, साखर जशी चढवते तसाच गूळ चढवतो. सासूबाईंना हे सुरुवातीला पटलं नाही. "कामाचा माणूस, अर्ध्या पोटी उठवू नकोस," म्हणायच्या. मी वाद घातला नाही. त्यांना म्हटलं, तुम्ही हुलग्याचं माडगं करायचा तसं करा ना, मला जमत नाही. आता संध्याकाळचं माडगं त्यांच्याकडं आहे, आणि लेकाला तिसरी भाकरी नको म्हणून सांगणाऱ्याही त्याच.

यांना समजावण्यात डॉक्टर माझ्यापेक्षा हुशार निघाले. हिशेबाचा माणूस बघून त्यांनी आकडेच सांगितले. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात काठावरच्या लोकांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालायचं ठरवलं, तर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडच्या २००६ सालच्या अभ्यासात ती घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. ८४ किलोचे सात टक्के म्हणजे सहा किलो, हा हिशेब यांनी तिथंच केला. घरी येऊन जुन्या वहीत खातं उघडलं: वजन, कमरेचा घेर, चाललेली मिनिटं. आपल्याकडच्या पुरुषांचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत असावा म्हणतात, यांचा १०३ होता. ती वही मी त्यांनी दाखवल्याशिवाय बघत नाही. रात्री जेवून दहा-पंधरा मिनिटं चालायचं मात्र आमचं ठरलेलं. जेवणानंतर चढणारी साखर त्यानं कमी चढते.

तंबाखूचं त्यांनी पाचव्या महिन्यात स्वतःच काढलं. याबद्दल थोडं सविस्तर सांगते. चुना लावून मळली की निकोटिन तोंडातून जास्त झपाट्यानं रक्तात उतरतं, म्हणून ही सवय घट्ट बसते. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट असतात, चिडचिड आणि बेचैनी दोन ते चार आठवडे राहते. त्या दिवसांत ते तुमच्यावर ओरडतील, ते मनावर घेऊ नका आणि जुने हिशेब तेव्हा काढू नका. यांचा पहिला प्रयत्न हळदीच्या ऐन हंगामात फसला, दुसरा लग्नसराईत. तिसऱ्यांदा डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगगम घेतलं. ते गोळीसारखं सलग चघळायचं नसतं. हळूहळू चावून तिखट चव आली की गालात धरायचं, आणि आधी पंधरा मिनिटं चहा घ्यायचा नाही. हाताला मळायची सवय असते, त्यासाठी खिशात लवंग आणि बडीशेप. सुपारी देऊ नका. सुपारीनंही कॅन्सर होतो आणि तोंड उघडेनासं होतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६.

मध्ये एकदा जत्रेत चुकले. घरी येऊन स्वतःच सांगितलं. माझ्या तोंडावर बरंच आलं होतं, पण मी म्हटलं, "सांगितलंत ते बरं केलंत." दुसऱ्या दिवशी वहीत त्या तारखेपुढं त्यांनीच फुली मारलेली होती.

हे सगळं धीरानं घ्यायचं, पण काही गोष्टींना धीर लावू नका. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारा फोड, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, जिना चढताना छातीत आवळणं, पायाची न भरणारी जखम, घोरता घोरता श्वास थांबणं, यातलं काहीही दिसलं तर राग येऊ दे, भांडण होऊ दे, त्यांना डॉक्टरांकडे न्याच. छातीत दुखणं थांबत नसेल तर त्याच क्षणी.

यांचा गेल्या महिन्यातला एचबीए१सीचा आकडा ५.८ आला. तंबाखू सुटून चौदा महिने झाले. पोट अजून आहे, घेर ९६ वर अडलाय, रविवारी मटण असतं आणि त्याला मी काही म्हणत नाही.

आज काय करू म्हणाल तर खिसे तपासणं आजपासून बंद करा. रात्री जेवण झाल्यावर चप्पल घाला आणि "येता का?" एवढंच विचारा. नाही म्हणाले तर तुम्ही जाऊन या. उद्या परत विचारा.