मृत्युदर, मर्त्यता आणि आपली मरतूक

प्रश्न असा आलाय: 'मृत्यूदर' बरोबर की 'मृत्युदर'? आणि सरकारी परिभाषेत 'मर्त्यता' म्हणतात तो हाच का?

मृत्युदर. सुटा असताना 'मृत्यू' दीर्घ, समासात पहिलं पद झाला की ऱ्हस्व. मृत्युपत्र, मृत्युलेख, तसाच मृत्युदर. संपलं.

पण दीर्घ लिहिल्याने कुणाचं काही अडत नाही. अडतं ते 'आज बारा जण दगावले, मृत्युदर वाढला' अशा बातम्यांनी. अहो, बारा ही संख्या झाली! दर म्हटला की कितींमागे आणि किती काळात, हे आलंच. वर्षभरातले मृत्यू घ्या, त्यांना वर्षाच्या मध्याच्या लोकसंख्येने भागा, हजाराने गुणा. नमुना नोंदणी पाहणीनुसार, म्हणजे सरकारच्या जन्म-मृत्यूंच्या पाहणीनुसार, 2020 साली भारताचा हा आकडा हजारी 6 होता. केरळचा त्याहून जास्त, कारण तिथे म्हातारी माणसं जास्त. अर्भक मृत्युदर, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांचा, मात्र त्या साली तिथे हजार जिवंत जन्मांमागे अवघा 6, देशाचा 28. नुसता 'मृत्युदर' पाहून राज्याराज्यांची तुलना करणाऱ्यांनी आधी वयोगट विचारावेत. करोनात रोज ऐकलेला 'मृत्युदर दोन टक्के' तर दरच नव्हे. ते बाधितांतल्या मृतांचं प्रमाण. 'माता मृत्युदर'ही तसाच: छेदात माता नसतातच, लाख जिवंत जन्म असतात. 2018-20 मध्ये देशाचं हे प्रमाण 97, महाराष्ट्राचं 33. प्रमाण म्हणा, दर नको.

आता खरी गंमत. 'मर्त्य' म्हणजे मरणारा, म्हणून माणूस. प्राचीन फारसीत हाच शब्द 'मर्तिय', अर्थ माणूस. इराणचा सम्राट दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तूनच्या शिलालेखात तो पुन्हा पुन्हा येतो. पुढे झिजून त्याचा झाला 'मर्द'. म्हणजे मिशीला पीळ देऊन 'मर्दाचा बच्चा आहे' म्हणणारा स्वतःला 'मरणाऱ्याचा पोर' म्हणवून घेतो! मुडदा हाही त्याच घरातला, फारसी 'मुर्दा', आपला 'मृत'. आकडेही शब्दाची बाजू घेतात: पुरुषांचं सरासरी आयुर्मान बायकांपेक्षा कमीच भरतं.

हे सगळं असताना परिभाषा करणाऱ्यांनी 'मर्त्यता' हा कोरडाठाक शब्द का काढावा? गोठ्यात, पोल्ट्रीत जाऊन कान दिला असता तर मिळाला असता: मरतूक. 'या बॅचला मरतूक चार टक्के' असं कोंबडीवाला सहज म्हणतो, आणि त्याचा छेद पक्का असतो: पहिल्या दिवशी सोडलेली पिल्लं. अर्भक मृत्युदराचा हिशेबही जवळपास असाच, म्हणजे जन्मली किती आणि वर्षाच्या आत गेली किती. टीव्हीवरच्या निवेदकापेक्षा तो कोंबडीवाला सांख्यिकीत पुढे आहे.

'मरतुकडा' याच मरतुकीतून आला, असं माझं ठाम मत आहे: मरतुकीत जाईल असं वाटणारं, रोडावलेलं जनावर. एका विद्वानांनी मला 'मरणाचा तुकडा' अशी फोड सुनावली. मग 'लंगडा' हा लंगाचा गडा का? पुढच्या 'डा' प्रत्ययाकडे बघायचंच नाही असं ठरवलं की व्युत्पत्ती फार सोपी होते. 'माणसांना जनावरांचा शब्द लावायचा?' हा त्यांचा दुसरा आक्षेप. मरताना तरी माणूस वेगळं काय करतो?

हां, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाच. नाही, दोन्ही एक नव्हेत. मर्त्यता म्हणजे लोकसंख्येत मृत्यू घडत राहणं, आणि मृत्युदर हे तिचं माप. ताप आणि तापमान, तसं.