स्थानिक अन्नव्यवस्थेत मास्टर्ससाठी अमेरिकेत यायचं असेल तर

तुझे प्रश्न असे : बी.एस्सी. कृषी संपत आलंय, अमेरिकेत शाश्वत शेती आणि स्थानिक अन्नव्यवस्था यात मास्टर्स करायचंय, तर विद्यापीठ कसं निवडायचं, खर्च कसा भागतो आणि पुढे नोकरी लागते का. मी हेच मिडवेस्टमध्ये शिकले आणि तिथेच कामाला लागले, त्यामुळे उत्तरही त्याच भागातलं. कॅलिफोर्नियातली माणसं कदाचित वेगळं सांगतील.

पीक कसं घ्यायचं हे शिकायला येणार असशील तर येऊ नकोस, तेवढं तुला येतं. इथे शिकवतात तो शेत आणि ताट यांच्या मधला भाग. विद्यापीठाच्या विद्यार्थी-शेतावर आम्ही गाजरं काढायचो, धुवायचो, क्रेट भरायचो, ते सोपं. मग मेसचा खरेदी अधिकारी विचारायचा : सगळी एका मापाची आहेत का? मंगळवारी सकाळी सातला पोहोचतील का? शीतगृहाच्या तापमानाची नोंद कुठे आहे? पाणी शेवटचं कधी तपासलं? विमा आहे का? त्याची उत्तरं तयार ठेवणं, तीन लहान शेतकऱ्यांचा माल एकत्र करून एकच बिल पाठवणं आणि त्या तिघांत भावावरून भांडण होऊ न देणं, हा खरा अभ्यासक्रम. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपनीत ज्याने एक हंगाम काढलाय त्याला यात काही नवल वाटणार नाही.

धोरणाचा भागही असतो आणि तो कंटाळा करून टाळू नकोस. उदाहरणार्थ, शाळांच्या जेवणाची खरेदी. पूर्वी निविदेत स्थानिक मालाला झुकतं माप देता यायचं, पण ‘माल स्थानिकच हवा’ अशी अट घालता येत नव्हती. १ जुलै २०२४ पासून केंद्रीय नियमाने ती घालता येते. अशी निविदा लिहिता येणारा माणूस शाळेलाही हवा असतो आणि शेतकऱ्यालाही.

‘स्थानिक म्हणजे पर्यावरणपूरक’ हे मात्र डोक्यातून काढून ये. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडलं की अमेरिकी घरातल्या अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे ११ टक्के आणि उत्पादनाचा ८३. म्हणजे अन्न किती मैल आलं यापेक्षा काय पिकवलं, कसं पिकवलं हे महत्त्वाचं. स्थानिक व्यवस्थेच्या बाजूने दुसरी चांगली कारणं आहेत : पैसा गावात राहतो, लहान शेतकरी टिकतो. प्रवेशाच्या निबंधात ती लिही. मैलांचं कौतुक वाचून प्राध्यापक कंटाळलेत.

विद्यापीठं. आयोवा स्टेटचा शाश्वत शेतीचा पदव्युत्तर कार्यक्रम २००१ पासून आहे. तिथे एखाद्या मूळ विभागात प्रवेश घेऊन हा विषय त्याला जोडायचा असतो. यूसी (कॅलिफोर्निया विद्यापीठ) डेव्हिसचं विद्यार्थी-शेत १९७७ चं. त्याच विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत तर १९६७ मध्ये ॲलन चॅडविक या इंग्रज बागायततज्ज्ञाने विद्यार्थ्यांना घेऊन बाग उभी केली, आजच्या कामाची मुळं तिथे आहेत. पण नावावर जाऊ नकोस. विभागाला सरळ ईमेल टाकून विचार : शेतातला माल कोण विकत घेतं? विद्यार्थी त्या ग्राहकाशी स्वतः बोलतात का? गुळमुळीत उत्तर आलं तर पुढे चल.

खर्चाचं थोडक्यात : प्रबंध असलेलं एम.एस. आणि असिस्टंटशिप घे. आठवड्याला बहुधा २० तास काम, त्यात फी माफ किंवा कमी आणि महिन्याला विद्यावेतन. प्रबंध नसलेल्या व्यावसायिक मास्टर्सला सहसा स्वतःच्या खिशातून पैसे घालावे लागतात. तेवढं कर्ज काढून या क्षेत्रात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण इथले पगार आयटीचे नाहीत.

आता व्हिसा, इथे नीट लक्ष दे. एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, विद्यापीठाचं शेत त्यात बसतं. बाहेरच्या शेतावर मात्र परवानगीशिवाय काम नको. इथल्या बऱ्याच शेतांवर काही तास राबलं की आठवड्याची भाजीची पेटी मिळते. अमेरिकी मैत्रिणी सहज जातात. तुझ्या बाबतीत ती पेटीसुद्धा मोबदला धरली जाऊ शकते. इंटर्नशिपसाठी सीपीटी (शिकत असताना कॅम्पसबाहेर काम करायचा परवाना) लागतो आणि तो साधारण एक शैक्षणिक वर्ष झाल्यावर मिळतो.

पदवीनंतर १२ महिने ओपीटी, म्हणजे विषयाशी संबंधित नोकरीची परवानगी, आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) यादीत असेल तर आणखी २४. आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद) अभ्यासक्रमाचा कोणता कोड छापणार हे प्रवेश स्वीकारायच्या आधीच विचार, कारण ‘फूड सिस्टिम्स’ नावाचे काही अभ्यासक्रम समाजशास्त्रात मोडतात. वाढीव २४ महिन्यांसाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये (कामगाराची कामाची परवानगी तपासायची सरकारी ऑनलाइन व्यवस्था) नोंदलेला असावा लागतो. लहान शेतं आणि छोट्या संस्था अनेकदा नसतात. म्हणून माझी नजर पहिल्यापासून विद्यापीठाच्या विस्तार सेवेवर, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत ज्ञान पोहोचवणाऱ्या विभागावर होती. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने उभी राहिलेली ही यंत्रणा जिल्ह्याजिल्ह्यात पसरली आहे, आणि विद्यापीठ नोकरी देत असेल तर एच-१बी या नोकरीच्या व्हिसासाठी लॉटरीत उतरावं लागत नाही.

नोकरीची हमी कोणी देऊ शकत नाही. आयोवातलं लिओपोल्ड सेंटर हे शाश्वत शेतीचं संशोधन केंद्र १९८७ मध्ये खतं-कीटकनाशकांवरच्या शुल्कातून उभं राहिलं, २०१७ मध्ये विधिमंडळाने त्याचा निधी काढून घेतला. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने शाळा आणि अन्नपेढ्यांच्या स्थानिक खरेदीचे सुमारे एक अब्ज डॉलर रद्द केले. अनुदानावर चालणारी पदं अशा वेळी आधी जातात. मुलाखतीत ‘हे पद कोणत्या निधीतून, कधीपर्यंत?’ असं विचारायला लाजू नकोस, इथे कोणी वाईट वाटून घेत नाही.

रावेच्या (बी.एस्सी. कृषीतल्या ग्रामीण कार्यानुभवाच्या) काळात गावात काय केलंस त्याच्या नोंदी, फोटो, हिशेब जपून ठेव, निबंधात त्याच कामाला येतील. आणि गाडी शिकून ये. शेतांपर्यंत बस जात नाही, आणि बर्फात पहिल्यांदा स्टिअरिंग धरण्यात काही मजा नाही.