पार्थेनॉन समजून घ्यायचंय? मग १६८७ पासून सुरुवात करा

अथेन्समधल्या अथेना देवीच्या या प्राचीन मंदिराबद्दल नव्याने वाचायला घेणारे बहुतेक जण ते बांधवून घेणाऱ्या पेरिक्लिस या नेत्यापासून सुरुवात करतात आणि शिल्पकार फिडियसच्या अथेना-मूर्तीपाशी थांबतात. इ.स.पू. ४४७ ला काम सुरू, ४३८ ला मूर्तीची प्रतिष्ठापना, ४३२ पर्यंत शिल्पकाम पूर्ण. एवढं पाठ केलंत तरी सुरुवातीला पुरे. खरी गंमत पुढच्या दोन हजार वर्षांत आहे, आणि तीच लोक सोडून देतात.

हे मंदिर पुढे मेरीमातेचं चर्च झालं, तेही जवळपास हजार वर्षं. त्या काळातल्या भाविकांनी खांबांवर कोरलेल्या प्रार्थना आजही सापडतात. पंधराव्या शतकात तुर्कांनी तिथे मशीद केली. २६ सप्टेंबर १६८७ ला सेनापती मोरोसिनीच्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा तुर्कांनी आत साठवलेल्या दारूगोळ्यावर पडला आणि मधला भाग उडाला. आज दिसणारी पडझड मुख्यतः त्या एका दिवसाची आहे, काळाच्या ओघाची नव्हे. म्हणून म्हणतो, तिथून मागे-पुढे वाचत जा.

एल्गिन प्रकरणावर, म्हणजे ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने इथली शिल्पं काढून नेली त्यावर, लगेच बाजू घेऊ नका. आधी तारखा लावून घ्या. शिल्पं काढायला १८०१ ला सुरुवात झाली, ब्रिटिश म्युझियमकडे ती १८१६ मध्ये आली. माझं मत विचाराल तर ती अथेन्सला परत जायला हवीत. तिथल्या २००९ च्या संग्रहालयात वरच्या मजल्यावर मूळ मधाळ संगमरवराशेजारी लंडनमधल्या तुकड्यांच्या पांढऱ्याफटक प्लास्टर प्रतिकृती लावल्या आहेत. जमलं तर प्रत्यक्ष बघा, नाहीतर निदान फोटो तरी मोठे करून बघा.