आईचे वय ओलांडताना

प्रश्न : मी 45 वर्षांची आहे. स्तनाच्या कर्करोगाने माझी आई गेली तेव्हा ती 44 वर्षांची होती आणि मी 13 वर्षांची. त्यानंतर दोन महिन्यांनी मला पहिली पाळी आली. ते कोणाला सांगावे हेच तेव्हा कळले नाही. मी फारशी रडले नाही. धाकट्या भावाला सांभाळले, शिकले, लग्न झाले, संसार नीट चालला. गेल्या वर्षी माझे वय आईच्या वयापुढे गेले आणि तेव्हापासून सगळे विस्कटले आहे. पाळी अनियमित झाली आहे, रात्री अंगातून वाफा निघून जाग येते, आरशात पाहिले की माझ्या जागी तीच उभी दिसते. पतीने जवळ घेतले की अंग आखडते. ते समजूतदार आहेत, पण दुखावले आहेत. ‘32 वर्षांनी कोणी आईसाठी रडते का?’ असे भाऊ विचारतो. मला काय झाले आहे?

उत्तर : भावाच्या प्रश्नाला आधी उत्तर देते. होय, 32 वर्षांनीही आईसाठी रडू येते, आणि तुमच्या बाबतीत ते आताच यावे याला कारण आहे. तेराव्या वर्षी माणूस तेरा वर्षांच्या समजुतीनेच शोक करतो, आणि ज्या मुलीच्या हाती लहान भाऊ सोपवलेला असतो तिला तेवढीही सवड मिळत नाही. पुढे पहिली पाळी, लग्न अशा प्रत्येक वळणावर जिला विचारायचे ती नसते, म्हणून ती प्रत्येक वेळी नव्याने जाते. आजवर मात्र आईचे वय तुमच्या पुढे चालत होते. चाळिशीत ती कशी दिसायची, कशी थकायची, हे तुम्ही पाहिलेले होते. पंचेचाळिसावे वर्ष तिने तुम्हाला दाखवलेलेच नाही. ज्यांचे आईवडील लवकर गेले, अशा अनेकांना नेमके हेच वर्ष जड जाते. मला येणाऱ्या पत्रांतून हे मी पुन्हा पुन्हा वाचले आहे.

शोक ठरलेल्या पायऱ्यांनी चढून संपवायचा असतो, ही समजूत फार पसरली आहे. तिचे मूळ मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मांडलेल्या पाच अवस्थांत आहे. पण त्या अवस्था स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून मांडलेल्या होत्या, मागे उरलेल्यांच्या शोकाचे वेळापत्रक म्हणून नव्हे. त्यापेक्षा शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट यांनी 1999 मध्ये मांडलेला विचार मला अधिक खरा वाटतो. त्यांच्या मते शोकात असलेला माणूस दुःखाकडे जातो आणि तिथून रोजच्या कामाकडे परततो, पुन्हा जातो, पुन्हा परततो. तुम्ही फार वर्षे एकाच बाजूला, कामाच्या बाजूला राहिलात. त्यात तुमची चूक नव्हती. त्या घरात कोणीतरी तिथे उभे राहणे आवश्यक होते.

आता शरीराविषयी. इथे तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवून पाहायला हव्यात.

पाळीची अनियमितता आणि रात्रीच्या वाफा या वयाला धरून आहेत. बहुतेक स्त्रियांची पाळी 45 ते 55 या वयात थांबते, आणि सलग 12 महिने ती आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्याआधीची काही वर्षे इस्ट्रोजेनची पातळी वरखाली होत राहते, त्यामुळे शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र लहानशा फरकालाही मोठा प्रतिसाद देते. वाफा येतात, झोप मोडते, आणि मोडलेल्या झोपेवर दुःख अधिक बोचते. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि आईचा आजार त्यांना पहिल्याच भेटीत सांगा, कारण वाफांसाठी हार्मोनची औषधे द्यावीत की नाहीत हे ठरवताना तो विचारात घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट तुम्ही स्पष्ट लिहिलेली नाही, पण ती मला पत्रभर जाणवली : हाच आजार आपल्यालाही होईल, ही भीती. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण 5 ते 10 टक्केच एखाद्या वारशाने आलेल्या जनुकीय बदलामुळे होतात. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही त्यांतली प्रमुख जनुके. त्यांतला घातक बदल आईकडे असेल तर प्रत्येक अपत्याकडे तो येण्याची शक्यता निम्मी असते, आणि ज्या स्त्रियांकडे तो येतो त्यांच्यापैकी शंभरातील सुमारे 70 जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत हा कर्करोग होतो. तुमच्या आईला आजार पन्नाशीच्या आत झाला, एवढे कारण जनुकीय समुपदेशकाचा सल्ला घेण्यासाठी पुरेसे आहे. त्यानंतर मॅमोग्राफी कधी आणि किती वेळा करायची, रक्ताची चाचणी करायची का, हे त्यांच्याबरोबर ठरवा. मात्र आरशाला या प्रश्नाचे उत्तर विचारू नका. चेहरा आईचा आला म्हणून आजारही आईचाच येईल, असे शरीरात काही ठरत नाही. आणि जी मुलगी हुबेहूब वडिलांसारखी दिसते तीही त्यामुळे सुरक्षित होत नाही. चाचणीचे उत्तर भावालाही लागू पडेल, कारण असा बदल पुरुषांकडेही येतो आणि त्यांच्याकडून मुलांकडे जाऊ शकतो. त्याच्याशी बोलायला हे एक निमित्त होईल. कदाचित तोही इतकी वर्षे गप्पच राहिला असेल.

तिसरी गोष्ट स्पर्शाची. ज्या अवयवाने आई नेली त्याला कोणी प्रेमाने हात लावला तरी तुमचे शरीर सावध होते, असे मला वाटते. पतीला ‘आज नको’ एवढेच कळते आणि त्याचा अर्थ ते स्वतःपुरता लावतात. जवळ येण्याची वेळ नसेल तेव्हा, दिवसाउजेडी, त्यांना सांगा की भीती त्यांची वाटत नाही, तुमच्या शरीराला आईच्या आजाराची आठवण आहे. कुठे हात ठेवलेला चालेल आणि कुठे तूर्त नको, हेही शब्दांत सांगा. या काळात योनीमार्ग कोरडा होऊन शरीरसंबंध दुखू शकतो. तसे होत असेल तर तेही त्यांच्यापासून आणि डॉक्टरांपासून लपवू नका, त्यावर उपाय आहेत. तपासण्या होऊनही रडू आवरले नाही, जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका.

एक गोष्ट उपचार म्हणून नव्हे, तुम्हाला ठाऊक असावी म्हणून सांगते. गर्भावस्थेत आईच्या काही पेशी बाळात उतरतात, आणि अशा पेशी प्रौढ वयातल्या मुलांच्या रक्तातही आढळल्याचे संशोधकांनी 1999 मध्ये दाखवून दिले.

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे. मी 12 वर्षांचा असताना वडील वारले. आता माझा आवाज अगदी त्यांच्यासारखा झाला आहे, असे सगळे म्हणतात. फोनवर मी ‘हॅलो’ म्हटले की आई क्षणभर गप्प होते. त्यामुळे मी तिला फोन करणेच टाळतो, फक्त संदेश पाठवतो. मी योग्य करतो आहे का?

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते. तू हे तिच्यावरच्या मायेने करतो आहेस, तरीही हे योग्य नाही. किशोरवयात टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि मुलाचा आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. घसा आणि तोंडाची ठेवण तुला वडिलांकडून मिळाली असेल. पण शब्दावर कुठे जोर द्यायचा, वाक्य कुठे सोडायचे, हे तू बारा वर्षे त्यांचे बोलणे ऐकून उचललेस. शिवाय जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवर आवाजाचा 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा पोचायचा. आवाजातले बारकावे फोनवर अजूनही बरेचदा गळतात आणि सारखेपणा अधिक जाणवतो. समोरासमोर ती तुला पाहत असते, म्हणून तिथे ती थबकत नाही.

ती का गप्प होते, हे तू गृहीत धरले आहेस, विचारलेले नाहीस. तो क्षण तिला नकोसा वाटत असेल किंवा हवाहवासाही वाटत असेल. दोन्ही एकाच वेळी वाटत असेल. तू फोन थांबवलास तेव्हा तिला पतीचा आवाज तर गेलाच, मुलाचाही गेला. पुढच्या वेळी घरी गेलास की तिच्याजवळ बसून विचार, ‘माझा आवाज बाबांसारखा वाटतो का? तुला त्रास होतो का?’ फोनवर हवे तर आधी स्वतःचे नाव सांग आणि मग बोल. ती गप्प झाली तर फोन ठेवू नकोस, ती बोलेपर्यंत थांब.