हिऱ्याचा भाव रास्त आहे, हे कसे ओळखावे?

प्रश्न : मुलीच्या साखरपुड्यासाठी लातूरच्या सराफाकडे अर्ध्या कॅरेटच्या हिऱ्याची अंगठी पाहिली. अंगठीवर हॉलमार्क आहे. पण सांगितलेली किंमत योग्य आहे का? — एक वाचक, औसा

उत्तर : हॉलमार्क केवळ सोन्याच्या शुद्धतेची खूण आहे, हिऱ्याची नव्हे. सोन्यातील कॅरेट शुद्धता सांगतो, तर हिऱ्यातील कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम वजन, आणि इथेच अनेकांची गल्लत होते. म्हणून पावतीवर सोने, घडणावळ आणि हिरा यांची किंमत वेगवेगळी मागावी, आणि जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पाहून त्यातील वजन, रंग, स्वच्छता व पैलू यांच्याशी तंतोतंत जुळणाऱ्या हिऱ्यांचे भाव छत्रपती संभाजीनगरच्या दोन-तीन पेढ्यांत विचारावेत. हिरा नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत घडवलेला, हे आधी पाहावे. प्रयोगशाळेत घडवलेला हिराही खराच असतो, पण पुष्कळ स्वस्त मिळतो. माझ्या मते पैलूंच्या दर्जात तडजोड करू नये, कारण हिऱ्याची चमक मुख्यतः त्यावरच ठरते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे डागही नसावेत, म्हणून जादा पैसे मोजण्याचे मात्र कारण नाही. वजन 0.50 ऐवजी 0.47 कॅरेट घेतले, तर दिसण्यात फरक जाणवत नाही, पण 0.50 सारख्या ठरावीक आकड्यापाशी चढणारा प्रतिकॅरेट दर वाचतो.