१९५४चा ‘गोजिरा’ आणि १९५६चा ‘गॉडझिला’ : आधी कोणता पाहावा?

तुम्ही विचारले आहे की, गॉडझिला या शहर उद्ध्वस्त करणाऱ्या अवाढव्य प्राण्याचा पहिला चित्रपट कुठे ९६ मिनिटांचा दिसतो तर कुठे ८० मिनिटांचा. एका प्रतीत अमेरिकन वार्ताहर सगळी हकिगत सांगतो आणि दुसरीत तो औषधालाही सापडत नाही. शिवाय एखादी रंगीत प्रतही असल्याचे तुमच्या कानावर आले आहे. तेव्हा यांतला खरा कोणता, अमेरिकनांनी अणुबॉम्बचा उल्लेखच पुसून टाकला ही गोष्ट कितपत खरी, आणि बारा वर्षांच्या भाचीबरोबर यांपैकी काय पाहावे, असे तुमचे प्रश्न आहेत. आधी मूळ जपानी ‘गोजिरा’ (गॉडझिलाचे जपानी नाव) पाहावा आणि मग, शक्यतो त्याच आठवड्यात, अमेरिकन आवृत्तीही पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी आवृत्ती टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ती आधी पाहिली, तर मूळ चित्रपटात कोण कोणाशी बोलत आहे हेच नीट कळत नाही, आणि या चित्रपटात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

मूळ चित्रपट तोहो कंपनीचा. दिग्दर्शक इशिरो होंडा, निर्माते तोमोयुकी तानाका, विशेष दृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांची आणि संगीत अकिरा इफुकुबे यांचे. तो जपानभर प्रदर्शित झाला ३ नोव्हेंबर १९५४ रोजी. ही तारीख त्याच वर्षीच्या आणखी दोन तारखांशेजारी ठेवून पाहायला हवी. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळबेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिची किरणोत्सारी राख ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांनी आणलेले ट्यूना मासे बाजारापर्यंत पोहोचल्यावर देशभर भीती पसरली. बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर रोजी मरण पावले. त्या वेळी चित्रपटाचे काम चालू होते आणि प्रदर्शनाला जेमतेम सहा आठवडे उरले होते. या चाचणीचे पडसाद आपल्याकडेही उमटले होते. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या थांबवण्याच्या कराराची मागणी केली, ती याच घटनेच्या पार्श्वभूमीवर.

त्यामुळे पहिल्याच प्रसंगात, समुद्रात निवांत बसलेल्या खलाशांसमोर अचानक लख्ख प्रकाश उसळतो आणि त्यांचे जहाज पेटून बुडते, तेव्हा १९५४च्या जपानी प्रेक्षकाला काहीही समजावून सांगावे लागत नव्हते. होंडा स्वतः युद्धात सैनिक होते. चीनमधून १९४६ साली परतताना त्यांनी हिरोशिमाचे अवशेष पाहिले होते. तोक्योच्या विध्वंसाचे चित्रण त्यांनी हवाई हल्ल्यासारखे केले आहे: आधी भोंगे, मग पळापळ, मग क्षितिजापर्यंत आग, आणि दुसऱ्या दिवशी जखमींनी ओसंडून वाहणारी रुग्णालये. राक्षसी प्राण्यांच्या चित्रपटांत विध्वंसानंतरची सकाळ सहसा दाखवत नाहीत. इथे ती सविस्तर दाखवली आहे, आणि मला तरी चित्रपटाचा कणा तोच वाटतो.

आता अमेरिकन आवृत्तीकडे वळू. एडमंड गोल्डमन यांनी १९५५ साली चित्रपटाचे अमेरिकेतील हक्क २५,००० डॉलरना विकत घेतले आणि पुढे ते दुसऱ्या निर्मात्यांच्या हाती गेले. जपानी चित्रपट उपशीर्षकांसह मोठ्या चित्रपटगृहांत चालणार नाही, असा त्या काळचा व्यापारी हिशोब होता, आणि केवळ धंद्याच्या दृष्टीने तो चुकीचा म्हणता येणार नाही. म्हणून टेरी मोर्स या दिग्दर्शकाकडून नवी दृश्ये चित्रित करून घेतली गेली. त्यांत रेमंड बर या अभिनेत्याने स्टीव्ह मार्टिन नावाच्या वार्ताहराची भूमिका केली. एप्रिल १९५६मध्ये ही आवृत्ती ‘गॉडझिला, किंग ऑफ द मॉन्स्टर्स!’ या नावाने झळकली. तुम्हाला दिसलेली ८० मिनिटे ती हीच.

ही जोडाजोड कशी केली आहे, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बर जपानला गेलेच नाहीत. अमेरिकेत उभारलेल्या छोट्या सेटवर ते उभे राहतात, एका दिशेला पाहतात, आणि पुढच्या क्षणी मूळ चित्रपटातले तेच दृश्य येते, जणू ते याच गर्दीत उभे राहून पाहत आहेत. मूळ पात्रांशी त्यांचे संभाषण दाखवायचे असेल, तेव्हा तशाच कपड्यांतली दुसरी व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाठ करून उभी केलेली असते. शेवटी गोजिराला मारताना स्वतःचेही प्राण देणारे शास्त्रज्ञ डॉ. सेरिझावा हे मार्टिनचे महाविद्यालयीन मित्र असल्याचे दाखवले आहे आणि त्या मैत्रीचा बराचसा भार फोनवरील बोलण्याने उचलला आहे. कित्येक जपानी संवाद तसेच ठेवून, शेजारी उभा असलेला जपानी सुरक्षा अधिकारी त्यांचा अर्थ मार्टिनला सांगतो. आपले जपानी जरा गंजले आहे, असे मार्टिन एके ठिकाणी म्हणतो, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर अख्खे दृश्य दुभाषाच्या हवाली होते. संकलनाची कारागिरी म्हणून यात खरोखर कसब आहे. कृष्णधवल छायाचित्रणातला प्रकाशही मूळ चित्रीकरणाशी बऱ्यापैकी जुळवून घेतला आहे.

अणुबॉम्बच्या उल्लेखाबद्दल मात्र जे सर्रास सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. अमेरिकन आवृत्तीतही जीवाश्मशास्त्रज्ञ डॉ. यामाने हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे हा प्राणी जागा झाला असे सांगतात आणि किरणोत्साराचा विषयही येतो. म्हणजे कारण कापलेले नाही. कापला आहे तो त्या कारणाबद्दल सामान्य जपानी माणसांनी आपसांत केलेला संवाद, आणि माझ्या मते ही कात्री जास्त खोल गेली आहे. दोन प्रसंग सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

पहिला प्रसंग संसदीय समितीसमोरचा. डॉ. यामाने आपले निष्कर्ष मांडतात. लगेच एक सदस्य उठून म्हणतो की ही माहिती जाहीर करू नये. परराष्ट्र संबंध बिघडतील, अर्थव्यवस्थेवर परिणाम होईल, लोक घाबरतील. समोरच्या बाकांवरच्या महिला सदस्या उसळून उठतात: खरे ते लोकांना कळलेच पाहिजे. आरडाओरडा होतो, प्रकरण धक्काबुक्कीपर्यंत जाते, आणि यामाने खाली बसून हताशपणे हे पाहत राहतात. ज्या वर्षी राखेने भरलेली बोट बंदराला लागली आणि किती सांगायचे, किती झाकायचे यावर देशात वाद चालू होता, त्या वर्षीचे हे दृश्य आहे.

दुसरा त्याहून छोटा, जवळपास लगेचच येणारा. लोकल गाडीत एक तरुणी आणि दोन पुरुष वर्तमानपत्रातल्या बातमीवर बोलत आहेत. ती म्हणते, आधी किरणोत्सारी मासे, मग किरणोत्सारी पाऊस, आणि आता वर हा गोजिरा. नागासाकीतून कसाबसा वाचवलेला जीव आहे माझा. सोबतचा म्हणतो, आता आसरा शोधायला हवा. मग कोणीतरी वैतागून म्हणते की पुन्हा स्थलांतर, नको झाले आहे ते. बस, एवढेच. कोणी रडत नाही, पार्श्वसंगीत भावना चेतवत नाही. रोजच्या प्रवासात माणसे महागाईबद्दल बोलावीत तशी ती नागासाकीबद्दल बोलतात, आणि गाडी पुढे जाते. अख्ख्या चित्रपटातले हे मला सर्वांत धाडसी वाटणारे दृश्य आहे, आणि अमेरिकन आवृत्तीत ते नाही. समितीतला वादही नाही.

शेवटही बदलला आहे. मूळ चित्रपटात गोजिरा मेल्यावर यामाने म्हणतात की हा शेवटचाच गोजिरा असेल असे त्यांना वाटत नाही. चाचण्या चालूच राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा येईल. अमेरिकन आवृत्तीत त्या जागी मार्टिनचे निवेदन आहे: संकट टळले, एक थोर माणूस गेला, पण जग आता पुन्हा जागे होऊन जगू शकेल. चित्रफीत जवळजवळ तीच, समुद्रही तोच, पण एकात इशारा आहे आणि दुसऱ्यात सुटकेचा निःश्वास. मला या दोन आवृत्त्यांमधला फरक असा दिसतो: मूळ चित्रपटात ज्यांच्यावर बेतले ते स्वतः बोलतात, अमेरिकन आवृत्तीत एक पाहुणा त्यांच्याबद्दल बोलतो. कथानक तेच राहूनही साक्षीदार बदलला की साक्ष बदलते.

तरीही त्या आवृत्तीवर सरसकट राग धरणे मला अन्यायाचे वाटते. युद्ध संपून अवघी अकरा वर्षे झाली होती. अशा वेळी सर्वसामान्य अमेरिकन प्रेक्षकासमोर होरपळलेले तोक्यो, रुग्णालयातली जखमी मुले आणि जपानी शास्त्रज्ञाचे आत्मबलिदान सहानुभूतीने मांडले गेले, ही लहान गोष्ट नव्हती. चित्रपटाची सुरुवातच उद्ध्वस्त शहराच्या दृश्यांनी आणि मार्टिनच्या शोकगंभीर निवेदनाने होते. बाकीची कथा तो मागे वळून सांगतो. जपानबाहेर गॉडझिलाची जी ओळख झाली ती मुख्यतः याच आवृत्तीमुळे, हेही नाकारता येत नाही. पुढच्या चित्रपटाचे नशीब पाहिले की याची किंमत कळते. १९५५चा दुसरा गॉडझिला चित्रपट अमेरिकेत १९५९ साली लागला, तेव्हा वितरकांनी प्राण्याचे नावच बदलून ‘गिगँटिस’ केले, त्यामुळे हा त्याच मालिकेतला पुढचा चित्रपट आहे हे प्रेक्षकांना कळायलाही मार्ग उरला नाही.

प्रदर्शनाच्या इतिहासातला सर्वांत चमत्कारिक टप्पा यानंतरचा. बर यांची आवृत्ती १९५७ साली जपानी उपशीर्षकांसह खुद्द जपानमध्ये प्रदर्शित झाली, आणि तीही रुंद पडद्याच्या नव्या चलतीला साजेशी करण्यासाठी चौकटीचा वरचा-खालचा भाग छाटून. ज्या प्रेक्षकांनी अडीच वर्षांपूर्वी मूळ चित्रपटाची सुमारे ९६ लाख तिकिटे घेतली होती, त्यांच्याच देशात त्यांच्याच शहराचा विध्वंस आता परक्या वार्ताहराच्या नजरेतून दाखवला गेला.

रंगीत प्रतीबद्दल तुम्ही ऐकलेले खरे आहे, पण ती मूळची नाही. १९७६च्या नव्या ‘किंग काँग’नंतर राक्षसी प्राण्यांच्या चित्रपटांना पुन्हा भाव आला, तेव्हा इटालियन दिग्दर्शक लुइजी कोझ्झी यांनी १९७७ साली ती आवृत्ती तयार केली. त्यांच्या हाती आली ती अमेरिकन आवृत्ती, मूळ नव्हे. तीवर त्यांनी रंगांचे थर चढवले आणि लांबी वाढवण्यासाठी महायुद्धाच्या खऱ्या चित्रफिती त्यात मिसळल्या, काही ठिकाणी प्रेतांच्या दृश्यांसह. अभ्यासक तिला गमतीने ‘कोझ्झिला’ म्हणतात. कुतूहलापोटी पाहायची असेल तर शेवटी पाहा. भाचीला दाखवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

अमेरिकेत मूळ जपानी चित्रपट त्या काळी जपानी वस्त्यांमधल्या काही चित्रपटगृहांत दाखवला गेला होता, पण न कापलेली प्रत तिथल्या व्यापक प्रेक्षकांपर्यंत चित्रपटगृहांत पोहोचायला २००४ साल उजाडावे लागले. चित्रपटाच्या पन्नाशीच्या निमित्ताने रिआल्टो पिक्चर्स या वितरक कंपनीने ती आणली. त्यानंतर डीव्हीडी, मग २०१२ साली अभिजात चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीचा ब्लू-रे, ज्यात दोन्ही आवृत्त्या एकत्र मिळतात. तुम्हाला संग्रहासाठी घ्यायचेच असेल तर दोन्ही आवृत्त्या असलेला संच घ्या. १९८४च्या नव्या जपानी गॉडझिला चित्रपटाची अमेरिकन आवृत्ती १९८५ साली निघाली, तेव्हा पुन्हा रेमंड बर यांनाच बोलावून नवी दृश्ये जोडली होती; यावरून ही युक्ती वितरकांना किती भावली होती ते दिसते.

हाती आलेली प्रत कोणती हे ओळखणे सोपे आहे. काळ्या पडद्यावर जड पावलांचे आवाज, डरकाळी आणि इफुकुबे यांचे संगीत सुरू होऊन मग समुद्रावरचे जहाज दिसले, तर ती मूळ प्रत. उद्ध्वस्त शहर आणि इंग्रजी निवेदन सुरुवातीलाच आले, तर अमेरिकन. चित्रचौकट जवळजवळ चौकोनी असायला हवी. रुंद पडदा भरून चित्र दिसत असेल, तर वरचे-खालचे काहीतरी छाटले गेले आहे असे समजा. डरकाळीकडे जरूर लक्ष द्या. राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बेस या मोठ्या तंतुवाद्याच्या तारांवरून ओढून तो आवाज काढला होता, आणि भाचीला हे आधी सांगितले तर तिचा कान तिथे नक्की जाईल.

बारा वर्षांच्या मुलीला मूळ चित्रपट दाखवायला माझी हरकत नाही, मात्र तो आधी तुम्ही एकट्याने पाहा. तोक्योतल्या गिंझा भागात आगीने वेढलेल्या इमारतीच्या पायथ्याशी एक आई मुलांना कुशीत घेऊन बसते आणि आता आपण बाबांकडे जाणार, असे त्यांना सांगते. रुग्णालयात एका लहान मुलीजवळ किरणोत्सार मोजण्याचे यंत्र कडकडते. ही दृश्ये भीतीची नाहीत, दुःखाची आहेत, आणि मुलांना त्यांबद्दल पाहतानाच प्रश्न पडतात. उपशीर्षके वाचण्याची तिला सवय नसेल, तर समितीतल्या वादाच्या आणि लोकलमधल्या प्रसंगाच्या वेळी चित्रपट थोडा थांबवून काय चालले आहे ते सांगा, कारण संवाद भरभर जातात आणि नेमके तेच निसटायला नकोत.